पँगाँग, त्सो मोरीरी, चंद्रताल: आधी रात्रींचा हिशेब, मग सरोवर

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या लडाख सहलींचा आराखडा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड, तिसऱ्या दिवशी पँगाँगच्या काठावर तंबूत मुक्काम. समुद्रसपाटीवर वाढलेलं शरीर अशा रीतीने अडीच दिवसांत ४,२५० मीटरवर झोपायला जातं. मध्यरात्री कुणाला तरी उलट्या सुरू होतात, बरोबरचे म्हणतात "पित्त झालंय", आणि सकाळपर्यंत अंगावर काढलं जातं.

डोकेदुखी आणि मळमळ दिसली की आपल्याकडे दोनच निदानं ठरलेली असतात: पित्त झालं किंवा गाडी लागली. २,५०० मीटरच्या वर ही दोन्ही निदानं बाजूला ठेवायची. तिथली डोकेदुखी दुसरं काही सिद्ध होईपर्यंत उंचीचीच, असं धरून चालायचं.

आणखी एक गैरसमज सह्याद्रीत फिरणाऱ्यांचा असतो. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे दर रविवारी गड चढणाऱ्यालाही आपलं शरीर ४,००० मीटरवर कसं वागेल याचा अंदाज नसतो. दमसास चांगला असल्याने विरळ हवेपासून संरक्षण मिळत नाही. उलट तब्येतीने खणखणीत माणसं जास्त भरभर चढतात आणि त्रास लपवतात, म्हणून तीच जास्त अडचणीत येतात.

हवेत प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब. लेहला (सुमारे ३,५०० मीटर) दर श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो, पँगाँगला जेमतेम साठ टक्के, चांग ला खिंडीत निम्म्याहून थोडा जास्त. या तुटीशी जुळवून घ्यायला शरीराला तास नाही, दिवस लागतात. पुढचे सगळे टप्पे हे दिवस नीट मांडण्यासाठी आहेत.

## टप्पा १: निघण्याआधी सहा आठवडे, डॉक्टरांची भेट

तिकीट काढण्याआधी ही भेट घ्या. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फुप्फुसाचा जुना आजार, गर्भारपण किंवा पूर्वी उंचीवर फुप्फुसात पाणी झाल्याचा अनुभव, यांपैकी काही असेल तर जायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं. मधुमेह असणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: इन्सुलिन गोठण्यापासून कसं जपायचं आणि थंडीत ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवू लागला तर काय करायचं.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक तपासणी वेगळी सांगावी लागते, कारण सहलीच्या यादीत ती सहसा नसते. ती म्हणजे सिकलसेल. आजार असलेल्यांना धोका माहीत असतो, पण नुसते वाहक असलेले लोक एरवी ठणठणीत असतात आणि त्यांना स्वतःला ते ठाऊकही नसतं. प्राणवायू कमी पडला की वाहकांच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. बरगड्यांखाली डाव्या बाजूला एकाएकी तीव्र कळ येते, आणि ती पोटदुखी समजून सोडून दिली जाते. घराण्यात कुणाला सिकलसेल असेल तर रक्ततपासणी करूनच निघा.

इशारा: निघण्याच्या आठवडाभरात ताप, खोकला किंवा छातीत कफ झाला असेल तर तारीख पुढे ढकला. श्वसनमार्गाचा ताजा संसर्ग असताना उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याची शक्यता वाढते.

## टप्पा २: आराखडा, रात्रीच्या उंचीवरून

दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात हे महत्त्वाचं. कागदावर प्रत्येक रात्रीपुढे मुक्कामाचं गाव आणि त्याची उंची लिहा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्री ५०० मीटरहून अधिक वाढ नको, आणि तीन-चार रात्रींमागे एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांचा हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो, त्याची भरपाई लेहमधल्या जादा रात्रींनी करावी लागते.

### विमानाने लेह

१. लेहला सलग तीन रात्री, ३,५०० मीटर. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर चार.

२. नुब्रा (हुंदर, दिस्कित) दोन रात्री, सुमारे ३,१५० मीटर. वाटेत खारदुंग ला ५,३५० मीटरच्या आसपास आहे, पण झोपायला तुम्ही लेहच्याही खाली जाता. म्हणून नुब्रा आधी आणि पँगाँग नंतर.

३. लेहला परत एक रात्र.

४. तांगत्से एक रात्र, सुमारे ३,९५० मीटर.

५. पँगाँग (स्पांगमिक) एक रात्र, ४,२५० मीटर.

६. लेहला परत, एक रात्र, मग विमान.

यातला चौथा मुक्काम जवळजवळ सगळे गाळतात. तांगत्से हे पँगाँगच्या वाटेवरचं छोटं गाव आहे, राहायला साधी गेस्ट हाउस आणि होमस्टे आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. खिडकीतून निळं पाणी दिसत नाही म्हणून तिथे कुणी थांबत नाही. पण लेह ३,५००, तांगत्से ३,९५०, स्पांगमिक ४,२५० ही चढण पाहा: ५०० मीटरचा नियम तिथे तंतोतंत पाळता येतो. एका रात्रीच्या खर्चात सरोवराकाठची रात्र झोपेत जाण्याची शक्यता खूप वाढते.

नुब्राहून अघम-श्योक मार्गे थेट पँगाँगला जाण्याची टूम सध्या जोरात आहे. वेळ वाचतो, पण झोपेची उंची एका दिवसात १,१०० मीटरने वाढते. शिवाय दुपारी वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या रस्त्यावर येतं. तो रस्ता घ्यायचाच असेल तर त्या रात्री तांगत्सेलाच थांबा.

### त्सो मोरीरी

कोर्झोक गाव ४,५५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पँगाँगहूनही तीनशे मीटर वर. लेहहून उपशी, चुमाथांग, माहे, सुमदो असा रस्ता आहे. चुमाथांग सुमारे ४,००० मीटरवर, सिंधूच्या काठी, गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण. रात्र तिथे काढा, दुसऱ्या दिवशी कोर्झोकला जा. लेहहून सकाळी निघून त्याच संध्याकाळी कोर्झोकला झोपणं म्हणजे एका दिवसात हजार मीटरची वाढ. पँगाँग आणि त्सो मोरीरी दोन्ही करायची असतील तर पँगाँग आधी.

### रस्त्याने लेह

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी श्रीनगरकडून जावं. श्रीनगर १,६०० मीटरपेक्षा खाली, मुक्कामाचं कारगिल सुमारे २,६८०, वाटेतली सर्वांत उंच खिंड फोटू ला ४,१०८ मीटर. चढ हळूहळू होतो आणि लेहला पोचेपर्यंत शरीर निम्मं तयार झालेलं असतं.

मनालीकडून निघालात तर रात्रीची जागा फार जपून निवडा. मनाली २,०५०, जिस्पा ३,२००, आणि त्यानंतरचे मुक्काम एकदम वर: सरचू ४,२९०, पांग ४,६००. सरचूच्या तंबूंत दर मोसमात असंख्य लोकांची रात्र वाईट जाते आणि त्याचं कारण उंचीतली ही एकदम हजार मीटरची उडी. जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढून पहाटे चार-पाचला निघा आणि त्याच दिवशी लेह गाठा. दिवस लांबलचक होतो, बारालाचा ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा खिंडी ओलांडाव्या लागतात, पण झोप ३,५०० मीटरवर मिळते.

### चंद्रताल

हिमाचलच्या लाहौल-स्पितीमधलं चंद्रताल सुमारे ४,२५० ते ४,३०० मीटरवर आहे. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मनालीहून सकाळी निघून संध्याकाळी तिथे तंबूत झोपता येतं, आणि नेमकी हीच चूक सर्वाधिक घडते. एका दिवसात २,२०० मीटर. रस्ता सोपा झाला म्हणून शरीराचं काम सोपं होत नाही.

दोन बरे मार्ग आहेत. पहिला, वेळ असेल तर: शिमला, किन्नौरमधलं सांगला किंवा कल्पा, मग ताबो (३,२८०), काझा (३,६५० ते ३,८००) दोन रात्री, लोसर (सुमारे ४,०८०) एक रात्र, कुंझुम ला ओलांडून चंद्रताल, शेवटी मनाली. सरोवर सहलीच्या शेवटी येतं, तेव्हा ते अलगद झेपतं. दुसरा, मनालीहूनच जायचं असेल तर: सिस्सू किंवा केलाँग (३,१०० च्या आसपास) दोन रात्री, छत्रू आणि बातल एकेक रात्र, मग चंद्रताल. बातलचे ढाबे ३,९५० मीटरवर आहेत. सोय अगदी साधी, पण ती रात्र कामी येते.

### गुरुडोंगमार

उत्तर सिक्कीममधलं हे सरोवर ५,१५० मीटरच्याही वर आहे. लाचेन साधारण २,७५०. पहाटे निघून दुपारपर्यंत परत, असा प्रघात असल्याने तिथे झोपायचा प्रश्न नाही, पण चार तासांत २,४०० मीटर चढ होतो. लाचेनला एकऐवजी दोन रात्री राहा, काठावर अर्ध्या तासाहून जास्त थांबू नका, लहान मुलांना नेऊ नका. ऑक्टोबर २०२३ च्या हिमसरोवर फुटीत तिकडचे रस्ते आणि पूल वाहून गेले होते, त्यामुळे रस्ता आणि परवाना चालू आहे का हे गंगटोकला विचारूनच गाडी ठरवा.

तपासा: कागदावर रात्रीच्या उंचीचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. ३,००० च्या वर कुठेही ५०० पेक्षा मोठी उडी दिसली तर तिच्या आधी एक रात्र घाला. सुट्टी वाढत नसेल तर सरोवर कमी करा, रात्र कमी करू नका. "सात दिवसांत तिन्ही सरोवरं" अशी जाहिरात दिसली तर आधी मुक्कामांची यादी मागा.

## टप्पा ३: औषधं

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं डायमॉक्स. प्रतिबंधासाठी प्रौढांचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आपल्याकडे गोळी सहसा २५० ची मिळते, म्हणून अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची, सर्वांत उंच मुक्कामाला पोचल्यावर दोन दिवसांनी किंवा उतरायला लागल्यावर बंद. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोड्याची चव बिघडते. हे त्रास अपेक्षित आहेत. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना तसं सांगितल्याशिवाय घेऊ नये. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरी एक-दोन दिवस घेऊन बघा. पुरळ उठायचं असेल तर ते घरी उठू दे, खिंडीत नको.

या गोळीबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. एक, त्रास सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी पहिली गोळी घेणं. दुसरी जास्त घातक: गोळी घेतली म्हणून आराखड्यातल्या रात्री कापणं. गोळीमुळे जुळवून घेण्याचा वेग वाढतो, पण दिवस वाचत नाहीत.

डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही आणीबाणीची औषधं आहेत. पहिलं मेंदूला सूज आल्यावर (८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४), दुसरं फुप्फुसात पाणी झाल्यावर (सावकाश विरघळणारी ३० मिलिग्रॅम, दर बारा तासांनी). डॉक्टरांकडून लिहून आणि समजून घेऊनच बरोबर ठेवा. दोन्ही घेतली तरी खाली उतरणं टळत नाही, उतरेपर्यंत वेळ मिळतो.

बरोबर पॅरासिटामॉल, उलटीवरची गोळी आणि ओआरएसची दहा-बारा पाकिटं. झोपेच्या गोळ्या मुळीच नकोत, त्या श्वास मंदावतात. दारूचंही तेच.

कापराची पुरचुंडी, लसूण, कोका ३० (होमिओपॅथीचं औषध): सहलीच्या ग्रुपवर या तिन्हींचा सल्ला हमखास येतो. कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. बाकी दोन्हींचा उंचीच्या त्रासावर उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. खिशात ठेवायला हरकत नाही, मात्र त्यांच्या भरवशावर रात्र काढू नका.

प्राणवायूचे छोटे कॅन: दहा लिटरचा कॅन मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. विमानात नेता येत नाही. उपयोगी पडतो तो गाडीतला मोठा सिलिंडर, मास्क आणि रेग्युलेटरसह. लेहमध्ये भाड्याने मिळतो. घेताना प्रेशरचा काटा बघा, नॉब उघडून मास्कमधून हवा येते का ते अनुभवा, आणि चालवायचा कसा हे गाडीतल्या किमान दोघांनी शिकून घ्या.

## टप्पा ४: सामान आणि कागदपत्रं

कपड्यांवर फार शब्द खर्च करत नाही. आतला थर्मलचा थर, मधला फ्लीस किंवा स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचे तीन जोड. जुलैतही पँगाँगच्या काठी रात्री पारा शून्याजवळ येतो, सप्टेंबरात त्याच्या खाली जातो. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणून यूव्ही ४०० चा गॉगल आणि एसपीएफ ५० चं क्रीम, नाकाच्या खालच्या बाजूलासुद्धा, कारण पाणी आणि बर्फ उजेड परतवतात.

लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. पँगाँगपलीकडे तेही कधी असतं कधी नसतं. रोख पैसे लेहमध्ये किंवा मनालीत काढून ठेवा. पेट्रोल पँगाँगकडे जाताना कारूला भरायचं, स्पितीत काझाला. भारतीय नागरिकांना पँगाँग, नुब्रा, त्सो मोरीरीसाठी पूर्वीचा इनर लाइन परमिट (सीमाभागात जाण्याचा परवाना) २०२१ पासून लागत नाही, पण पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र बरोबर असावं लागतं. तपासणी नाक्यांवर मोबाइलला रेंज असेलच असं नाही, म्हणून छापीलच ठेवा.

## टप्पा ५: लेहमधले पहिले ४८ तास

विमानतळावर जड बॅग स्वतः उचलून पळू नका. पहिले दोन-तीन तास बहुतेकांना छान वाटतं, आणि हीच फसगत आहे. त्रास पोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. सकाळी सातला उतरलेला माणूस दुपारी बाजारात फिरतो, संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

१. खोली तळमजल्यावर मागा.

२. पहिला दिवस पूर्ण आराम. पडून राहा, वाचा, गप्पा मारा. दुपारी गाढ झोप शक्यतो टाळा, झोपेत श्वास उथळ होतो.

३. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा खा. वरणभात, खिचडी, सूप. तळलेलं आणि मटण दोन दिवस थांबू शकतं.

४. पाणी दिवसभरात तीन ते चार लिटर, घोट घोट. त्याहून फार जास्त प्यायलात तर रक्तातलं मीठ उतरतं आणि नवीनच दुखणं उभं राहतं. लघवी फिकट पिवळी असली की पुरे.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटत असेल तरच बाहेर. निम्मूचा सिंधू-झंस्कार संगम योग्य, तो लेहपेक्षा खाली आहे. खारदुंग ला नको.

तपासा: डोकं दुखलं तर अर्धा-एक लिटर पाणी, एक पॅरासिटामॉल, दोन तास आराम. दुखणं पूर्ण गेलं तर बहुधा पाणी कमी पडलं होतं. राहिलं तर तो उंचीचा त्रास आहे आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत लेहच्या वर जायचं नाही.

## टप्पा ६: खिंड ओलांडताना

पँगाँगच्या वाटेवरची चांग ला ५,३५० मीटरच्या आसपास. गाडीतून उतरा, फोटो काढा, दहा-पंधरा मिनिटांत निघा. धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. मागच्या सीटवर कुणी बराच वेळ गप्प असेल तर त्याला नावाने हाक मारून उत्तर घ्या. झोप आणि गुंगी बाहेरून सारखीच दिसते.

नाल्यांचा नियम दोन्हीकडे एकच: पहाटे लवकर. ग्रामफू ते बातलच्या टप्प्यात आणि पँगाँगजवळच्या पागल नाल्यात सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर गाडीच्या दरवाजाला लागतं, कारण दिवसाच्या उन्हाने वितळलेली हिमनदी तेव्हा खाली पोचते. चंद्रतालला जाताना छत्रू सातच्या आत सोडा.

## टप्पा ७: सरोवराकाठची रात्र

दुपारी दोन-तीनपर्यंत पोचा. नंतर वारा उठतो. सामान टाकून तासभर बसा, मग सपाटीवर सावकाश फिरा.

संध्याकाळी सातला आणि सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकाची नोंद घ्या. यासाठी लेक लुईस मोजणी वापरतात, कॅनडातल्या त्याच नावाच्या पर्वती सरोवराकाठी ठरलेली. चार प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण: डोकेदुखी, मळमळ-उलटी, थकवा, गरगरणं. अजिबात नाही शून्य, सौम्य एक, मध्यम दोन, असह्य तीन. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर उंचीचा त्रास आहे.

- तीन ते पाच: आणखी वर जायचं नाही. आराम, पाणी, पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ॲसिटाझोलामाइड २५० दोनदा. चार तासांनी पुन्हा मोजा. वाढली तर उतरा.
- सहा किंवा जास्त, किंवा उलट्या थांबत नाहीत: लगेच उतरा.

दोन लक्षणं या बेरजेत नाहीत आणि त्यांच्यासाठी बेरीज करत बसायचंही नाही. पहिलं, तोल. जमिनीवर सरळ रेषा आखा आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं चालायला सांगा. कलंडला, पाय बाजूला पडला, किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर मेंदूला सूज येत आहे. दुसरं, बसल्या जागी धाप. चालताना दम सगळ्यांनाच लागतो. पण पंधरा मिनिटं बसूनही श्वास जोरात चालू असेल, कोरडा खोकला वाढत असेल, आडवं झाल्यावर गुदमरत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर फुप्फुसात पाणी होत आहे. गुलाबी फेस येण्याची वाट पाहू नका. हे सहसा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री घडतं, म्हणून पहिली रात्र बरी गेली म्हणून निर्धास्त होऊ नये.

ऑक्सिमीटर बाळगा, पण त्याच्या आकड्याने घाबरू नका आणि सुखावूही नका. आधी हात चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा, बोट मिनिटभर आत ठेवा. या उंचीवर निरोगी माणसाचाही आकडा ८० ते ९० मध्ये दिसतो. बाकीच्यांचा ८७-८८ आणि एकाचाच ७२, शिवाय तो सुस्त, तर त्या फरकाला अर्थ आहे.

रात्री जोडीदाराचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग तो मोठ्याने श्वास घेतो, हे ऐकून अनेकजण हादरतात. उंचीवरच्या झोपेत हे नेहमीचं आहे. जागेपणी तो ठीक असेल तर काळजी नको.

इशारा: बंद तंबूत शेगडी, कोळसा किंवा गॅसचा हीटर पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडमुळेही डोकेदुखी, मळमळ आणि गुंगीच येते. ती उंचीची समजली जाते आणि माणूस दगावतो.

स्वयंपाकाबद्दल एक: या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं. पिण्यासाठी ते सुरक्षित होतं, पण डाळ-तांदूळ प्रेशर कुकरशिवाय शिजत नाहीत. अर्धकच्चा भात खाऊन बिघडलेलं पोट लक्षणांचा गोंधळ वाढवतं. पँगाँगचं पाणी खारं आहे, पिता येत नाही.

## टप्पा ८: उतरायची वाट, आधीच ठरवलेली

"खाली न्या" हे सांगायला सोपं. किती खाली आणि कुठून, हे सरोवरागणिक वेगळं आहे, आणि मध्यरात्री नकाशा उघडून ते सुचत नाही.

पँगाँग: इथली मोठी अडचण म्हणजे लेहला उतरायला आधी चांग ला चढावी लागते, ४,२५० वरून ५,३५० वर. फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाला प्राणवायूशिवाय त्या खिंडीतून नेणं फार धोक्याचं. प्रथम तांगत्सेच्या आरोग्य केंद्रात न्या, तिथे प्राणवायू लावा. उतार तीनशे मीटरचाच असला तरी तेवढ्यानेही फरक पडतो. पुढे लेहला जायचं ते प्राणवायू चालू ठेवूनच. रस्ता चालू असेल तर श्योक-अघम मार्गे नुब्रात उतरता येतं, त्या वाटेवर मोठी खिंड नाही आणि दिस्कितला रुग्णालय आहे. वाटेतल्या लष्करी ठाण्यांवर मदत मागायला संकोच करू नका.

त्सो मोरीरी: कोर्झोकहून सुमदोपर्यंत एक छोटा चढ, त्यानंतर माहेपासून सिंधूच्या काठाने उपशीपर्यंत सलग उतार. खिंडीचा अडसर कमी, पण लेह दोनशे किलोमीटरहून लांब. सिलिंडर सहा-सात तास पुरेल एवढा हवा.

चंद्रताल: बातलकडे उतरा. काझाकडे वळलात तर कुंझुम ला आडवी येते. बातलहून चंद्रा नदीच्या काठाने अटल बोगद्यापर्यंत उतारच आहे. रस्ता खडबडीत, अंधारात नाले ओलांडणं कठीण, म्हणून शंका आली तर उजेड असतानाच निघा.

तपासा: झोपण्याआधी चालक कुठल्या तंबूत आहे, गाडीची टाकी किती भरली आहे आणि सिलिंडरचा काटा कुठे आहे, हे एकाने पाहून यावं. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेने करून ठेवायला सांगा.

आजाऱ्याला एकटं पाठवू नका, चालकाच्या भरवशावर तर नाहीच. आपला माणूस शेजारी बसून दर दहा मिनिटांनी बोलत राहिला पाहिजे. लेहला पोचल्यावर सोनम नोर्बू स्मृती रुग्णालयात थेट जा. तिथल्या डॉक्टरांना उंचीचे रुग्ण रोज पाहावे लागतात.

## टप्पा ९: काठावर वावरताना

चंद्रतालच्या अगदी काठावर तंबू ठोकायला मनाई आहे, मुक्काम काही अंतरावरच्या कॅम्पमध्ये करायचा आणि शेवटचा भाग पायी जायचा. चंद्रताल २००५ पासून, त्सो मोरीरी २००२ पासून आणि लडाखमधलंच त्सो कर सरोवर २०२० पासून रामसर यादीतल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ जागा आहेत.

त्सो मोरीरी आणि त्सो करच्या दलदलीत मे ते ऑगस्ट काळ्या मानेचे क्रौंच आणि पट्टकदंब विणीला असतात. हेच पट्टकदंब हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला दिसतात. तिथे नावेतून जवळ जाऊन फोटो काढायची सवय इथे आणू नका. पक्ष्याने मान ताठ केली की तुम्ही फार जवळ गेलात, मागे या. गाडी गवतावर उतरवू नका, चाकोरीचे ओरखडे या थंडीत वर्षानुवर्षं बुजत नाहीत. साबण, शाम्पू पाण्यात नको. पाण्यात उतरू नका, थंडीच्या धक्क्याने श्वास अडकतो. कचऱ्याची पिशवी लेह किंवा मनालीपर्यंत गाडीत राहू द्या, ओला पुसायचा कागद आणि सॅनिटरी पॅडसुद्धा.

## टप्पा १०: परतीचा दिवस

लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, म्हणून दिल्लीहून पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. खाली आल्यावर डोकेदुखी आणि मळमळ एक-दोन दिवसांत जाते. खोकला किंवा धाप त्यानंतरही टिकली, तर छातीचा एक्स-रे काढून घ्या आणि डॉक्टरांना रात्रीच्या उंचीचा तोच कागद दाखवा.